पाणी, इथेनॉल आणि आलेखातला कोपरा: डेझर्टेशनचे नऊ महिने

15 मे 2024 ला माझी व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. त्यानंतर आठवड्याभरात कॉलेजच्या दोन ज्युनियर मुलींचे फोन आले. दोघींनाही मिश्र सरफॅक्टंटचा, म्हणजे साबणासारख्या रसायनांच्या मिश्रणाचा, विषय मिळतोय, आणि दोघींचा प्रश्न एकच, "ताई, हे नऊ महिन्यांत होतं का?" होतं. पण कुठे किती वेळ जातो ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझे सहा आठवडे वाचले असते. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

विषय मिळाला 21 ऑगस्ट 2023 ला, सोमवारी. मी डिचोलीची, कॉलेज पणजीच्या बाजूला. त्या दिवशी पाऊस इतका होता की बस अस्नोड्याला अर्धा तास थांबली होती आणि मी पोचले तेव्हा बाकीच्यांनी विषय निवडून झाले होते. माझ्या वाट्याला आला तो असा: पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणात सीटॅब आणि टीटॅब हे दोन सरफॅक्टंट एकत्र टाकले तर त्यांच्या मिसेल कशा आणि केव्हा बनतात. शीर्षक वाचून पोटात गोळा आला. सरफॅक्टंट शिकलो होतो, सीएमसी म्हणजे काय ते परीक्षेत लिहिलं होतं, पण दोन सरफॅक्टंट आणि दोन द्रावकं एकाच बीकरमध्ये असतील असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी आईला समजावताना मलाच तो विषय पहिल्यांदा नीट कळला. सरफॅक्टंटच्या रेणूला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं, आणि एक लांब शेपटी असते, तिला पाणी नको असतं. पाण्यात थोडेच रेणू असतील तर ते एकेकटे फिरतात किंवा पृष्ठभागावर जाऊन शेपटी बाहेर काढून बसतात. संख्या वाढत गेली की एका ठरावीक प्रमाणाला ते गोळा होतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. तो गोळा म्हणजे मिसेल, आणि ते ठरावीक प्रमाण म्हणजे सीएमसी, क्रिटिकल मिसेल कॉन्सन्ट्रेशन. मी आईला म्हापशाच्या बसस्टँडचं उदाहरण दिलं. मुसळधार पावसात उघड्यावर माणसं उभी आहेत, दोन-चार असतील तर आपापलं भिजतात, बरीच झाली की एकमेकांना चिकटून घोळका करतात आणि कडेची माणसं छत्र्या बाहेरच्या बाजूला धरतात. "आणि त्यात दारू घातली की?" आईने विचारलं. म्हटलं, इथेनॉल घातलं म्हणजे पाऊस रिमझिम झाला. शेपट्यांना बाहेर पूर्वीइतकं नकोसं वाटत नाही. आई म्हणाली, "मग घोळका उशिरा होईल की!" डेझर्टेशनच्या तिसऱ्या प्रकरणात मी चार पानं लिहिली आहेत, त्यांचा गाभा हाच आहे. सीएमसी वाढतो.

सीटॅब आणि टीटॅबच का, हे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं. दोघांचं डोकं सारखंच, शेपटी मात्र सीटॅबची सोळा कार्बनची आणि टीटॅबची चौदा कार्बनची. जखम धुवायच्या जंतुनाशकात सेट्रिमाइड असतं, ते एकच शुद्ध रसायन नसून अशाच वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्यांचं मिश्रण असतं, त्यात टीटॅब सगळ्यात जास्त. आणि अशा औषधी द्रावणांत अल्कोहोलही पुष्कळदा असतं. म्हणजे आपण ज्या गोष्टी रोज वापरतो त्यांत सरफॅक्टंट एकटा कधीच नसतो आणि पाणीही निव्वळ पाणी नसतं. हे ऐकल्यावर विषय परका वाटायचा थांबला.

पहिली पायरी रसायनांची, आणि तिथेच सगळ्यात जास्त वाट बघावी लागली. सीटॅब कपाटात होतं. टीटॅब मागवावं लागलं, ते तीन आठवड्यांत आलं. अडचण इथेनॉलची. शुद्ध इथेनॉल कॉलेजला दुकानातून आणता येत नाही, त्याला आबकारी परवाना लागतो. अर्जाबरोबर प्राचार्यांच्या सहीचं पत्र, मागच्या वर्षाचा वापर, साठा कुठल्या खोलीत आणि कुठल्या कुलपात राहणार त्याची माहिती, आणि साठ्याच्या नोंदवहीची प्रत जोडायची होती. 4 सप्टेंबरला मी मसुदा तयार केला. तो कॉलेजच्या कार्यालयातूनच परत आला, कारण मी 'प्रयोगासाठी' एवढंच लिहिलं होतं. किती मिली, कशासाठी आणि किती महिन्यांत, ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा अर्ज गेला तोवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली, 19 सप्टेंबर. मग सुट्ट्या. इथेनॉल हातात आलं 26 ऑक्टोबरला. म्हणजे सात आठवड्यांच्या वर. माझं कळकळीचं सांगणं आहे की विषयात अल्कोहोल असेल तर विषय मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला घ्या, आणि लागणाऱ्या मिलीलिटरांचा हिशोब प्रयोगागणिक मांडून जोडा. धुण्यापुसण्याला लागणारं इथेनॉलही त्यात धरा. मी ते धरलं नव्हतं आणि फेब्रुवारीत मला दुसऱ्या गटाकडून उसनं घ्यावं लागलं.

त्या सात आठवड्यांत हातावर हात ठेवून बसायचं नव्हतं, म्हणून साध्या पाण्यातलं काम सुरू केलं. त्याआधी एक चूक केली ती सांगते. कपाटात एसडीएस, म्हणजे शाम्पूतला नेहमीचा सरफॅक्टंट, भरपूर होता. मला वाटलं, हात बसेपर्यंत सीटॅब आणि एसडीएस मिसळून बघू. दोन्ही निवळशंख द्रावणं एकत्र ओतली आणि बीकरमध्ये दुधासारखा ढग उठला, थोड्या वेळाने तळाला पांढरा साका बसला. सीटॅबचं डोकं धनभारित, एसडीएसचं ऋणभारित. सारख्या प्रमाणात आले की जोड्या जमवून बाहेर पडतात. हे पुस्तकात आहे, मी वाचलेलंही होतं. पण तो ढग डोळ्यांनी बघितल्यापासून बाटली उचलण्याआधी मी डोक्याचा भार बघते.

पद्धत वाहकतेची होती. सरफॅक्टंट आयनी असल्यामुळे त्याचं द्रावण वीज वाहून नेतं. बीकरमध्ये 20 मिली द्रावक घ्यायचं, वॉटर बाथमध्ये 30 अंशांवर ठेवायचं, आणि सरफॅक्टंटचं आधी करून ठेवलेलं 20 मिलीमोलर साठा-द्रावण मायक्रोपिपेटने 100 मायक्रोलिटर, 100 मायक्रोलिटर असं घालत जायचं. दर वेळी दोनेक मिनिटं थांबून कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा लिहायचा. सुरुवातीला आकडा भरभर वाढतो. मिसेल बनायला लागल्या की वाढ मंदावते, कारण मिसेल आपल्या धनभारित डोक्यांभोवती सरफॅक्टंटचेच बरेचसे ऋणभारित ब्रोमाइड आयन धरून ठेवते. आलेखावर दोन सरळ रेषा दिसतात, एक चढी आणि एक आडवटलेली. त्या जिथे भेटतात तो कोपरा म्हणजे सीएमसी. एका फेरीला साधारण पस्तीस वाचनं आणि दीड तास, एकट्या टीटॅबला पाण्यात त्याहून जास्त. मी दिवसाला दोन फेऱ्या करायचे, तिसरी केली की हात थकून पिपेट चुकायची.

साठा-द्रावण करताना वजनाकडे लक्ष हवं. 50 मिलीसाठी सीटॅब 0.3645 ग्रॅम आणि टीटॅब 0.3364 ग्रॅम. सप्टेंबरच्या दमट हवेत पावडर ओलावा धरते आणि तराजूचा शेवटचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. सीटॅब निर्वातात वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवलं आणि वजन करण्यापुरतंच बाहेर काढलं, तेव्हा आकडे जुळायला लागले. मीटर रोज सकाळी 0.01 मोलर पोटॅशियम क्लोराइडने तपासायचा, 25 अंशांना 1413 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर यायला हवेत. आणखी एक. मीटरमध्ये तापमानाची आपोआप दुरुस्ती करायची सोय असते, ती बंद करा. ती दुरुस्ती साध्या पाण्यातल्या क्षारांचा हिशोब धरून केलेली असते, तुमच्या बीकरमध्ये इथेनॉल आहे हे तिला माहीत नसतं. वॉटर बाथ तापमान सांभाळतोच आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आले तर सीटॅबच्या फ्लास्कमध्ये कापसासारखे पांढरे तंतू लोंबत होते. रात्री कुणीतरी एसी 18 वर ठेवून गेलं होतं. सीटॅब साधारण 25 अंशांच्या खाली थंड झालं की स्फटिक होऊन बाहेर पडतं. बाहेर घामाच्या धारा आणि आत आमचं सीटॅब गारठलेलं. काकांनी, म्हणजे आमच्या लॅब असिस्टंटनी, फ्लास्क 35 अंशांच्या पाण्यात ठेवायला लावला आणि पूर्ण निवळल्याशिवाय पिपेट बुडवू दिली नाही. "वरचं पाणी उचलशील तर आत काहीच नसेल," ते म्हणाले. त्या दिवसापासून साठा-द्रावण मी वॉटर बाथच्या कडेलाच ठेवलं.

पाण्यातले निकाल सुंदर आले. सीटॅबचा सीएमसी पाण्यात सुमारे 0.9 मिलीमोलर, टीटॅबचा सुमारे 3.8. आता दोन्ही निम्मे-निम्मे घेतले तर मिश्रणाचा किती? मी मनात सरासरी काढली होती, 2.35. मॅडमनी 1975 चं क्लिंटचं समीकरण फळ्यावर लिहिलं. त्यात सीएमसीची सरासरी घेत नाहीत, त्यांच्या व्यस्तांची घेतात. 0.5 भागिले 0.9, अधिक 0.5 भागिले 3.8, आणि आलेल्या बेरजेचा व्यस्त. उत्तर सुमारे 1.45. माझा कोपरा त्याच्या अगदी जवळ पडला होता. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, पहिल्या मिसेलमध्ये कोण किती? त्याच समीकरणातून निघतं, सुमारे 80 टक्के सीटॅब. पाण्यात दोघं निम्मे-निम्मे असूनही मिसेलमध्ये लांब शेपटीवाल्याचीच गर्दी होते, कारण बाहेर राहणं त्यालाच जास्त जड जातं. हे गणित मी त्या संध्याकाळी बसमध्ये तिकिटाच्या मागे पुन्हा करून बघितलं. इतक्या साध्या भागाकाराने डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळ्याच्या आतलं प्रमाण कळतं, याचा मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

क्लिंटचं समीकरण दोघांना एकमेकांशी विशेष ओढ नाही की दुरावा नाही असं धरून चालतं. ओढ असेल तर 1979 चं रुबिंग यांचं गणित लागतं, त्यात बीटा नावाचा आकडा निघतो. तो ऋण आला तर ओढ. सीटॅब आणि टीटॅबची डोकी सारखीच, त्यामुळे पाण्यात माझा बीटा शून्याच्या आसपासच होता. हा आकडा काढायला समीकरण पुन्हापुन्हा सोडवावं लागतं, एक्सेलमध्ये गोल-सीक वापरून होतं.

26 ऑक्टोबरला इथेनॉल आलं. काकांनी नोंदवहीत बाटलीचा क्रमांक लिहिला, मी सही केली, बाटली कुलपात गेली. मी 10, 20, 30 आणि 40 टक्के अशी चार मिश्रणं ठरवली होती. इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. 50 मिली इथेनॉल आणि 50 मिली पाणी मिसळलं की 100 मिली होत नाही, 96-97 मिलीच भरतं, आणि मिश्रण तापतं. म्हणून आकारमानाने टक्के करायचे असतील तर इथेनॉल मोजून स्टँडर्ड फ्लास्कमध्ये घ्या, बरंचसं पाणी घाला, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच खुणेपर्यंत भरा. आणि तुमचे टक्के आकारमानाचे आहेत की वजनाचे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोन शोधनिबंधांचे आकडे जुळत नाहीत म्हणून मी दोन दिवस डोकं धरून बसले होते, एकाने वजनाचे टक्के घेतले होते इतकंच.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, 11 नोव्हेंबरला, गावात नरकासुराच्या मिरवणुकीचा गजर चालू होता आणि मी घरी बसून इथेनॉलचे पहिले बारा आलेख काढत होते. 20 टक्क्यांचे तीन आलेख एकावर एक ठेवले तर तिन्ही शेवटाकडे थोडे वर वळत होते. मिसेल बनल्यानंतर रेषा सरळ असायला हवी, माझी वळत होती. मला वाटलं काहीतरी नवीन सापडलं. दिवाळीनंतर मॅडमना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "साठा-द्रावण कशात केलंस?"

पाण्यात. साठा-द्रावण मी पाण्यातच केलं होतं, आधीच्या प्रयोगांचं उरलेलं होतं म्हणून. 20 मिली द्रावकात 20 टक्के इथेनॉल म्हणजे 4 मिली. त्यात पस्तीस वेळा 100 मायक्रोलिटर पाण्यातलं द्रावण गेलं, म्हणजे साडेतीन मिली. शेवटी 23.5 मिलीत 4 मिली इथेनॉल, म्हणजे जेमतेम 17 टक्के. फेरीच्या सुरुवातीला एक द्रावक आणि शेवटी दुसरंच. वाहकता वर वळणारच. तोवरच्या इथेनॉलमधल्या सगळ्या फेऱ्या बाद झाल्या. इथेनॉलही गेलं आणि दिवसही गेले. वाट बघणं, पुन्हा द्रावणं करणं, पुन्हा फेऱ्या घेणं धरून सहा आठवडे. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या वहीत त्या पानांवर तिरकी रेघ मारली, कारण लिहिलं, तारीख टाकली आणि म्हणाल्या, "फाडू नकोस. परिशिष्टात जाईल." त्या रात्री मी खूप रडले. पण ती पानं खरंच परिशिष्टात गेली आहेत, आणि या सगळ्या लेखातलं एकच वाक्य कुणी लक्षात ठेवणार असेल तर हे ठेवा: साठा-द्रावण ज्या द्रावकात थेंब टाकायचेत त्याच द्रावकात, त्याच बाटलीतल्या मिश्रणात करा.

डिसेंबरात पुन्हा सुरुवात केली तेव्हा बारीकसारीक गोष्टींत सुधारणा झाली होती. उघड्या बीकरमधून दीड तासात इथेनॉल उडून जातं, म्हणून तोंडावर पॅराफिल्म, म्हणजे ताणून बसवायची मेणट पट्टी, आणि तिला मीटरचा सेल आणि पिपेट जाण्याइतकीच भोकं. पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर हवेचे बारीक बुडबुडे सुटतात आणि सेलच्या पट्ट्यांना चिकटतात, मग वाचन उगाच कमी येतं. सेल आत घातल्यावर एकदा हलकेच टिचकी मारून बघा. ढवळायचा चुंबक सावकाश फिरवा. आणि सीटॅब काचेला चिकटून बसतं, काचेचा पृष्ठभाग ऋणभारित असल्यामुळे. भांडी आधी इथेनॉलने, मग पाण्याने धुवायची आणि शेवटच्या धुण्याची वाहकता बघायची. कोऱ्या पाण्याएवढी आली तरच भांडं स्वच्छ. वापरलेली द्रावणं बेसिनमध्ये ओतू नका. सीटॅब पाण्यातल्या जिवांना घातक आहे आणि आपल्याकडे ओहोळ आणि नदी कुठेच लांब नसते. आमच्याकडे त्यासाठी वेगळा कॅन होता.

10 टक्क्यांना कोपरा थोडासाच उजवीकडे सरकला. 20 ला चांगलाच. आणि 30 ला मला तो दिसेचना.

हा भाग सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ मला इथेच झाला. 30 टक्क्यांच्या आलेखात दोन रेषा नव्हत्याच, एक मंद वाकणारी ओळ होती, डोंगरातल्या घाटरस्त्यासारखी. पट्टी लावून मी दोन रेषा ओढल्या आणि एक आकडा काढला. दुसऱ्या दिवशी तोच आलेख घेतला, पट्टी थोडी वेगळी लागली, आकडा वेगळा आला. मॅडमनी विचारलं, डाव्या रेषेत किती बिंदू घेतलेस, उजव्या रेषेत किती, मधले किती सोडलेस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बिंदू निवडत होते आणि निवडीप्रमाणे सीएमसी बदलत होता.

कोपरा बोथट का होतो, हे समजून घ्यायला जानेवारीचा अर्धा महिना गेला. इथेनॉलमुळे पाण्याचा स्वभाव बदलतो. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात आणि शेपटीला जागा द्यायला तयार नसतात. इथेनॉल त्या विणीत शिरतं आणि ती सैल करतं. शिवाय परावैद्युतांक, म्हणजे विद्युत भारांमधली ओढ कमी करण्याची द्रावकाची ताकद, उतरतो, पाण्याचा 25 अंशांना सुमारे 78 आणि इथेनॉलचा सुमारे 24. आता शेपट्यांना एकत्र येण्याची निकड कमी, म्हणून मिसेल उशिरा बनते आणि बनते तीही लहान, सैल. अशी मिसेल आपल्याभोवती ब्रोमाइड आयन पूर्वीइतके घट्ट धरून ठेवत नाही. ते सुटे राहिले की वाहकता मंदावत नाही. म्हणजे दुसऱ्या रेषेचा चढ पहिल्या रेषेच्या जवळ येतो, आणि दोन रेषांमधला कोन उघडत जाऊन कोपरा सपाट होतो. त्यातच मिसेल एका क्षणी न बनता जरा रुंद पट्ट्यात हळूहळू बनतात. मी ज्याला वाचनातला दोष समजत होते तो द्रावणाचाच गुण होता.

मग पट्टी ठेवून दिली. 2002 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी याच अडचणीवर एक पद्धत दिली आहे. दोन वेगळ्या रेषा ओढायच्याच नाहीत. आलेखाचा चढ एका किमतीवरून दुसऱ्या किमतीवर इंग्रजी एसच्या आकाराने उतरतो असं धरायचं, त्या वक्राचं संकलन (इंटिग्रेशन) करायचं आणि ते सगळ्याच्या सगळ्या बिंदूंवर बसवायचं. त्यातून सीएमसी मिळतो, दोन्ही चढ मिळतात, आणि बदल किती रुंदीत झाला तेही मिळतं. बिंदू निवडायचे नसल्यामुळे मन मानेल तिथे कोपरा पडत नाही. पायथॉनमध्ये वीस-पंचवीस ओळींत होतं. मला येत नव्हतं, वर्गातल्या एका मित्राने दोन दुपारी बसून शिकवलं. 10 आणि 20 टक्क्यांना रुंदी लहान, 30 ला मोठी. आणि 40 टक्क्यांना ती इतकी मोठी आली की सीएमसीच्या आकड्याला काही अर्थच उरला नाही. मी तिथे आकडा दिला नाही. तक्त्यात रेघ मारली आणि खाली लिहिलं की या प्रमाणात वाहकतेवरून ठळक बदल आढळला नाही. ती रेघ मारायला मला धीर लागला, कारण वाचलेल्या काही निबंधांत तिथेही आकडे दिसत होते.

फेसाची गोष्ट इथेच सांगते. पाण्यातलं सीटॅब फ्लास्कमध्ये हलवलं तर फेस दुपारपर्यंत टिकायचा. तेवढंच सीटॅब 30 टक्के इथेनॉलमध्ये हलवलं तर फेस वर यायचा आणि मी फ्लास्क टेबलावर ठेवेपर्यंत बसायचा. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी मी सत्तरी तालुक्यात मामाकडे गेले होते. काजूचे दिवस, भट्टी चालू होती, निऱ्याचा, म्हणजे काजूच्या रसाचा, आंबूस वास अंगणभर. मामाने नव्या फेणीची बाटली उजेडात धरली, एकदा जोराने हलवली आणि काठाशी जमलेले मणी दाखवले. "हे किती वेळ टिकतात त्यावर कळतं," तो म्हणाला. मणी मोठे आणि लगेच फुटले तर वेगळं, बारीक आणि रेंगाळले तर वेगळं. फेणी या नावाचा उगमही फेणातच सांगतात. त्याच्याकडे ग्रावचं, म्हणजे फेणीच्या तीव्रतेचं, मोजमाप करायची काचेची नळीही आहे, पण ती तो नंतर बुडवतो, आधी मणी बघतो. मी त्याला माझा फ्लास्क कसा वागतो ते सांगितलं. त्याने विचारलं, "तुझ्यात काजू नाही, मग साबण किती?" मी 20 मिलीमोलर वगैरे म्हणायला लागले आणि मग तराजूवर कागदाचा कपटा ठेवून चिमूटभर मीठ दाखवलं, एवढं, अर्ध्या पेल्याला. त्याला ते फार थोडं वाटलं. मलाही तेव्हा पहिल्यांदाच ते किती थोडं आहे हे जाणवलं.

वाहकतेच्या जोडीला दुसरी एक पद्धत असावी म्हणून पायरीनची चमक मोजली. पायरीन हा रेणू मिसेलमध्ये शिरला की त्याच्या प्रकाशाच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिखरांचं गुणोत्तर उतरतं. पाण्यात ते 1.8 च्या आसपास असतं. उपकरण आमच्याकडे नव्हतं, दुसऱ्या एका संस्थेत वेळ घ्यावी लागली. अर्ज, मॅडमचं पत्र, तीन आठवडे थांबणं, नमुन्यामागे 150 रुपये, सोळा नमुने, म्हणजे 2400. नमुने घट्ट बुचाच्या बाटल्यांत न्या आणि दोन-तीन जादा ठेवा. इथेनॉलच्या मिश्रणात सुरुवातीचं गुणोत्तरच कमी असतं, म्हणून प्रत्येक टक्केवारीचा सरफॅक्टंट नसलेला कोरा नमुना हवाच. मी तो 30 टक्क्यांचा विसरले आणि परत जावं लागलं. पृष्ठताणाचा विचारही केला होता, पण पाण्याचा ताण 72 आणि इथेनॉलचा 22 मिलिन्यूटन प्रति मीटर. इथेनॉलनेच ताण इतका उतरवून ठेवलेला असतो की सरफॅक्टंटला उतरवायला फारसं उरत नाही. तो नाद सोडला ते बरं झालं.

लिहिण्याचं फार सांगत नाही. मार्च अखेरपासून तीन आठवडे. साम्य-तपासणीत पहिल्यांदा 14 टक्के आलं, मर्यादा 10. प्रयोगपद्धतीचा भाग स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिल्यावर 7. चार प्रती, छपाई आणि बांधणी मिळून 2,150 रुपये. 22 एप्रिलला सबमिशन. गोव्यात 7 मेला लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे व्हायव्हा त्यानंतरची मिळाली.

परीक्षक म्हणून बाहेरून आलेल्या सरांनी पहिलं पान उघडलंच नाही, थेट तक्ता काढला आणि 40 टक्क्यांच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथे काय झालं?" मी आलेख दाखवला. त्यांनी कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरला, ओळीच्या दिशेने बघितलं, तसंच मी डिसेंबरात कितीदा बघितलं होतं. मग म्हणाले, "मिसेल नाहीतच असं म्हणायचंय?" मी म्हटलं, नाही सर, वाहकतेला दिसत नाहीत एवढंच म्हणता येतं, लहान गोळे असू शकतात. त्यांनी मान हलवली आणि पायरीनकडे वळले. तिथे 30 च्या कोऱ्या नमुन्याची तारीख बाकीच्यांहून वेगळी का, हेही त्यांनी पकडलं. मी विसरले होते असं सांगितलं. पंचवीस मिनिटांत झालं.

बाहेर आले तर काका दारातच उभे होते, नोंदवही घेऊन. परवान्याप्रमाणे उरलेल्या साठ्याची नोंद माझ्या सहीने बंद करायची होती. बाटलीतलं इथेनॉल आम्ही दोघांनी मोजपात्रात ओतलं, पुन्हा बाटलीत भरलं, बूच लावलं. शेवटच्या ओळीत मी लिहिलं: वापर संपला, शिल्लक 310 मिली, 15 मे 2024. काकांनी खाली सही केली आणि कपाटाला कुलूप लावलं.